वसीमच्या नावावरचा समुद्र

श्रीनूनं दिवसभरात किती पाणी प्यायचं ते अम्मा सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवायची. चहा, ताक, चिंचेचं पातळ सार ज्याला आम्ही चारू म्हणतो ते, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्या बाटलीतच धरायचं. त्यानं अर्धा कप चहा घेतला की अम्मा अर्धा कप पाणी बाटलीतून काढून दारातल्या कुंडीत ओतायची. कुंडीतली अबोली त्या दोन वर्षांत जशी फुलली तशी नंतर कधी फुलली नाही. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना त्या बाटलीची उंची सांगायला नको. श्रीनू ओल्या फडक्यानं ओठ पुसायचा, बाटलीकडे बघायचा, आणि बाटली नजरेआड ठेवली की आणखी बेचैन व्हायचा. म्हणून ती नेहमी समोरच्या फळीवर असायची. डायलिसिस सुरू झालं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि मी एकवीस. अम्माला साखर होती, नायनांचं, म्हणजे वडिलांचं, रक्त वेगळं, माझंही जुळलं नाही. किडनी मिळावी म्हणून सरकारी यादीत नाव घातलं होतं. त्या यादीबद्दल घरात कुणी बोलत नसे.

भवानी पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नायनांचे दोन यंत्रमाग. टॉवेल निघायचे. मागाचा खडखडाट बाहेरच्यांना त्रासाचा वाटतो; आम्हाला तो थांबला की जाग यायची. अम्मा पुढच्या खोलीत उंबऱ्याजवळ सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायची. पानं भिजवून, फरम्यावर कापून, चिमटीनं तंबाखू घालून, दोरा गुंडाळून, नजर दुसरीकडे असतानाही तिची बोटं चालत असत. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि आम्हा भावंडांचं आपसात अर्धं अर्धं. श्रीनू मला अक्का म्हणायचा आणि भांडताना नावानं हाक मारायचा. मी तेव्हा मराठी घेऊन एम. ए. करत होते आणि संध्याकाळी शिकवण्या घेत होते. माझी सगळी पुस्तकं जुन्या बाजारातली असायची. त्यांच्या पहिल्या पानावर आधीच्या मालकांची नावं असत, कधी एकाखाली एक तीन. मी ती कधी खोडली नाहीत. उलट त्यांच्याखाली माझं नाव लिहिताना मला बरं वाटायचं, ओळीत उभं राहिल्यासारखं. हे इथं सांगते आहे, कारण पुढं मी जे केलं ते मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय उरत नाही.

गेमचं मशिन नायनांनी नवी पेठेतल्या जुन्या मोबाइलच्या एका दुकानातून आणलं. डायलिसिसच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी, चार तास आणि दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नाही, शाळा सुटलेली, मित्र हळूहळू येईनासे झालेले. पोरगं भिंतीकडे बघत बसतं हे नायनांना बघवेना. मशिनबरोबर तीन डिस्क आल्या. त्या श्रीनूनं महिन्याभरात संपवल्या, डायलिसिसला येणाऱ्या एका मुलाला दिल्या आणि त्याच्याकडच्या आणल्या. डिस्क अशा हातोहात फिरायच्या, माझ्या पुस्तकांसारख्याच. पण ज्या खेळानं त्याला धरून ठेवलं तो डिस्कवर नव्हता. आधीच्या मालकानं तो इंटरनेटवरून विकत घेतलेला होता आणि मशिनच्या पोटात तसाच राहिला होता. मशिन लावलं की पडद्यावर एकच नाव यायचं, वसीम. त्यावर बटण दाबलं की ‘पुन्हा स्वागत आहे, वसीम’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य यायचं आणि मग तो खेळ.

खेळात एक लहानसं जहाज होतं आणि सगळीकडे समुद्र. सुरुवातीला नकाशा पूर्ण पांढरा. जहाज जिथून जाईल तेवढाच भाग निळा होत जायचा, बेटं उमटायची, त्यांची नावं यायची. वादळं होती, खडक होते, माणसं होती ज्यांना इकडून तिकडे न्यायचं असे. आमच्या घरात त्या खेळाचं नाव ‘समुद्रम’ पडलं. श्रीनू पलंगावर उशी टेकून बसायचा आणि तासन् तास पाण्यावर असायचा. एकदा मी म्हटलं, “कंटाळा नाही येत रे? नुसतं पाणीच पाणी.” तो फळीवरच्या बाटलीकडे हनुवटी करून म्हणाला, “तिथलं मोजून नाय देत कुणी.” दोन वर्षांत त्याचा नकाशा जवळजवळ सगळा निळा झाला होता. फक्त वर, उत्तरेला, बोटभर पांढरं उरलं होतं. तिथं जायची त्याला घाई नव्हती. “ठेवलंय ते,” म्हणायचा. “एकदम नाय संपवायचं.”

त्या नावाची अडचण अम्माला वाटायला लागली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण एकदा तिनं मला विचारलं की ते रोज काय लिहून येतं, आणि मी सांगितलं. तिचे हात सुपात थांबले. श्रीनू हसत होता. “नवीन नाव करता येतंय की अम्मा. पण कशाला? वसीम चांगला हाय. माझ्या जागी त्याला पाठवतो की डायलिसिसला.” अम्मा हसली नाही. रात्रंदिवस तिच्या डोक्यात तेच फिरू लागलं. मला एकटीला गाठून म्हणाली, “दिवसभर माझा पोरगा दुसऱ्याच्या नावानं बसतो. देवाला तरी कसं कळणार, कुणाला बरं करायचं ते?” मी शिकलेली. मला हसायला हवं होतं, किंवा समजावायला. पण त्या काळात अम्माच्या हातात करण्यासारखं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. पाणी मोजणं सोडलं तर.

आणि आमच्या घराची एक रीत होती. नायनांचे दोन्ही माग जुने घेतलेले. कुणाचा तरी कारखाना बंद पडला की माग असे फिरतात. जुना माग घरात आला की चौकटीवर रंगवलेलं आधीच्या मालकाचं नाव नायना पॉलिश पेपरनं घासून काढत. अगदी लोखंड दिसेपर्यंत. मग हळद-कुंकू, नारळ, आणि त्या जागी आमचं नाव. त्याआधी एक धागासुद्धा चढवायचा नाही. “नाव त्याचं आन् घाम आपला, असं नसतंय,” ते म्हणत. आमच्या गल्लीत सगळेच असं करत. मशिन घरात आलं तेव्हा ते राहून गेलं होतं एवढंच.

त्या वर्षी नवरात्रात श्रीनूच्या मानेजवळ डायलिसिससाठी बसवलेल्या नळीला जंतुसंसर्ग झाला. ताप उतरेना म्हणून दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवस. खंडेनवमीला माग बंद असतात. नायनांनी ते धुतले, पुसले, झेंडूच्या माळा घातल्या. अम्मा दवाखान्यातून अंघोळीपुरती घरी आली होती. तिनं फरमा आणि कात्री पाटावर मांडली आणि मला म्हणाली, “ते पण आण.” मी मशिन आणलं. नायना म्हणाले, “आधी नाव काढ. मग पूजा.” दोघं माझ्याकडे बघत होते. मी मशिन टीव्हीला जोडलं, आत जाऊन ‘श्रीनिवास’ असं नवीन नाव तयार केलं आणि मग वसीमचं नाव काढून टाकायची जागा शोधली. बटण दाबण्याआधी पडद्यावर इशारा आला. या वापरकर्त्याचा साठवलेला सगळा मजकूरही पुसला जाईल, असा. तो मी नीट वाचला, दोनदा. या वापरकर्त्याचा, म्हणजे त्या वसीमचा. त्या परक्या माणसाचं जे काही आत राहिलं असेल ते जाईल. जाऊ दे. मी बटण दाबलं. अम्मानं मशिनला कुंकू लावलं, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा थोडा सैल झालेला मी पाहिला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, श्रीनूला त्याच्या नावाचा मोबाइलवर फोटो दाखवावा म्हणून मी मशिन लावलं. ‘श्रीनिवास’वर बटण दाबलं. समुद्राच्या चित्राच्या कोपऱ्यात एक लहानसं कुलूप होतं. उघडेना. साठवलेल्या खेळांच्या यादीत गेले, तर यादी रिकामी. मग मला कळलं. श्रीनू दोन वर्षं वसीमच्या नावानं आत जात होता. म्हणजे त्यानं जे जे केलं ते सगळं वसीमच्या नावाखाली साठत होतं. परक्याचं म्हणून मी जे घासून काढलं त्यात माझा भाऊ होता.  मागे माग सुरू होते. नायनांना सांगायला मी शेडच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

नवी पेठेतला तो दुकानदार भला माणूस होता. त्यानं मला स्टुलावर बसवलं. “ताई, ऐका की. डिस्क असली की ज्याच्या हातात तिचा तो मालक. विका, उसनी द्या, काय पण करा. हे जे आतलं असतंय ना, ते विकलेलं नसतंयच. त्या माणसाच्या नावानं वापरायला दिलेलं असतंय. नाव गेलं की कुलूप.”

“आणि माझ्या भावानं खेळलेलं?”

“ते तर गेलंच.” मग माझा चेहरा बघून म्हणाला, “एक असतंय. त्या माणसानं कंपनीला वर्षाचे पैसे भरले असतील, तर खेळलेलं आपोआप वर साठतंय, कंपनीकडं. तो माणूस भेटला तर बघता येईल.”

कंपनीच्या मदत केंद्राला मी तीनदा फोन केला. बोलणारी मुलगी नम्र होती. तिन्ही वेळा तिनं एकच विचारलं, “आपण खातेधारक आहात का?” मी म्हटलं, नाही, पण खेळत होता तो माझा भाऊ आहे, तो आजारी आहे. ती म्हणाली, “वाईट वाटलं ऐकून. पण खातेधारकाशिवाय दुसऱ्या कुणाशी आम्हाला यावर बोलता येत नाही.” तिसऱ्या वेळी मी तिला विचारलं की तिच्या जागी मी असते तर तिनं काय केलं असतं. हा प्रश्न उलटा झाला हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. श्रीनू सहा दिवसांनी घरी येणार होता. रोज दवाखान्यात तो विचारायचा, “मशिनवर धूळ नाय ना बसली?” आणि मी म्हणायची, “झाकून ठेवलंय.”

दुकानदारानं वसीमच्या नंबरावर स्वतः फोन लावून बघितला. नंबर बंद होता. पत्ता द्यायला तो तयार नव्हता. चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता, एवढं मात्र त्यानं सांगितलं, आणि कोणत्या बाजूला ते हातानं दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी पुणे रस्त्यावरून शेअर रिक्षानं तिथं गेले. पाळी सुटायच्या वेळेला एका गेटवर उभी राहायचे, तिथं नाही मिळालं की पुढच्या दिवशी दुसऱ्या. तिसऱ्या दिवशी एका गेटवरचा रखवालदार म्हणाला, “वसीम? आमच्याकडं तीन हायत. तुमाला कंचा पायजे? लग्न झालेला, लग्न ठरलेला, का लग्न मोडलेला?” मागं उभे असलेले दोघंतिघं हसले. मी म्हटलं, “व्हिडिओ गेम खेळणारा.” रखवालदार म्हणाला, “मग मोडलेला,” आणि आत हाक मारली.

वसीम पंचविशीचा, उंच, हाताला ग्रीस लागलेला. मी काय सांगते आहे ते त्याला आधी कळेचना. “गेम? ताई, तुम्ही गेमसाठी आलात इतक्या लांब?” तो हसला. मग मी रडायला लागले आणि तो घाबरला. “अरे अल्ला. ताई, रडू नका ना. गेटवर लोक बघायलेत, माझी नोकरी हाय हितं.” त्यानं मला समोरच्या टपरीवर नेलं, बाकावर बसवलं, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं, पूजेसकट. तो मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं मोबाइल काढला.

“हे बघा,” तो म्हणाला. खेळात काही मोठं जमलं की मिळणाऱ्या बक्षिसांची ती यादी होती, प्रत्येकापुढं तारीख आणि वेळ. “हे माझं नाही. मशिन विकल्यानंतरचं हाय. दोन वर्षं माझ्या नावावर पडायलंय.”

“मग तुम्ही बंद का नाही केलं?”

“करणार होतो. मी नवीन मशिन घेतलं तवा. बटणापर्यंत गेलो. बघितलं तर यानं देवमाशाच्या खाडीचं बक्षीस घेतलेलं. ते मला बापजन्मात जमलं नव्हतं. म्हटलं खेळू दे लेकाला, माझंच नाव मोठं करायलाय.” मग त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. “लहान हाय का तो?”

मी यादी वाचत होते. मंगळवार आणि शुक्रवार सोडून सगळे वार होते. मी विचारलं, “आणि साठवलेलं? वर, कंपनीकडं?” त्यानं मान हलवली. पैसे भरत होता तेव्हा साठायचं. मशिन विकल्यावर त्यानं भरायचं सोडलं होतं. तरी त्यानं माझ्यासमोर उघडून बघितलं. काही नव्हतं. म्हणजे बक्षिसं होती, परक्याच्या नावावर, कधीही दुसऱ्याला देता न येणारी. आणि समुद्र नव्हता.

कुलूप तेवढं सुट्टीच्या दिवशी काढून देतो, असं वसीम म्हणाला होता आणि अम्मा-नायनांना मी सगळं सांगितलं होतं. श्रीनू घरी आला तेव्हा मी त्याला रिक्षातच सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही. अम्मानं त्याच्यासाठी भाकरी आणि बिनमिठाचं वरण केलं होतं, ते त्यानं चार घास खाल्लं. पलंगावर बसला, मशिन लावलं. पडद्यावर एकच नाव, त्याचं. 

“अक्का, वसीम कुटं गेला?”

मी सांगितलं. अम्माचं सूप मांडीवर तसंच राहिलं. तो ओरडला नाही. त्यानं विचारलं, “आधी काय लिहून आलं नव्हतं का?” मी म्हटलं, आलं होतं. “वाचलंस?” वाचलं. “वाचलंस आन् दाबलंस. एवढी पुस्तकं वाचतेस.” अम्मा मध्ये पडली, “मी सांगितलं तिला, मी,” पण त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. नायना शेडच्या दारात उभे होते. ते समजुतीच्या आवाजात म्हणाले, “तो पोरगा येतो म्हणालाय रे. कुलूप काढून देतो म्हणालाय. परत पहिल्यापासनं खेळता येतंय की.”

श्रीनू म्हणाला, “दोन वर्षं लागली, नायना. तेवढा टाइम कुटं हाय माझ्याकडं?”

आमच्या घरात हे वाक्य तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही. यादीत नाव आहे, असंच सगळे म्हणायचे. नायना शेडमध्ये परत गेले आणि दोन्ही माग सुरू केले. त्या दिवशी नुसतेच चालवले असावेत, कारण संध्याकाळी माल नेणाऱ्या गाडीवर टॉवेल नव्हते. मी अजूनही कधी कधी वर्गात शिकवता शिकवता थांबते, कुणीतरी मुलगा बाकावरून उठून साधंसंच काहीतरी विचारतो, “मॅडम, वेळ आहे का अजून?” एवढंच. 

तो माझ्याशी सहा दिवस बोलला नाही. सातव्या दिवशी वसीमची सुट्टी होती. आमच्याकडे मोठं काही उतरवून घेण्याइतकं नेट नव्हतं, म्हणून नायना मशिन चादरीत गुंडाळून स्कूटरवरून त्याच्या खोलीवर घेऊन गेले. कंपनीचा नियम असा की एका माणसाला असं एकच मशिन आपलं घर म्हणून नोंदवता येतं. त्यानं स्वतःच्या नव्या मशिनवरून ती नोंद काढली आणि आमच्यावर लावली. त्यापुढं त्याच्या खोलीतलं नेट गेलं की त्याचेच विकत घेतलेले खेळ त्याच्यासाठी बंद पडणार होते. हे त्यानं सांगितलं नाही, मला नंतर दुकानदाराकडून कळलं. संध्याकाळी तो नायनांबरोबर आमच्याकडे आला. श्रीनूनं भिंतीकडे तोंड केलेलं. वसीम त्याला म्हणाला, “काय बे, माझ्या नावावर एवढी बक्षिसं घेतलास आन् मला चहा पण नाही?” श्रीनू वळला नाही, पण त्याचे कान हलल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच कंट्रोलर हातात घेतला. मी आयुष्यात तोवर असलं काही खेळले नव्हते. माझं म्हणणं एवढंच होतं की जे मी पुसलं ते मी परत आणीन. जिथं तो होता तिथपर्यंत जहाज नेऊन देईन, मग पुढं त्याचं तो बघेल. नकाशा सगळा पांढरा. मी बंदरातून बाहेर निघाले आणि खडकावर आपटले. परत निघाले, परत आपटले. लाकूड फुटल्याचा आवाज सहा-सात वेळा झाला. आठव्या वेळी पलंगावरून आवाज आला, “डावीकडं घे की! आंधळी हायस का?” मी डावीकडे घेतलं. “आता शीड उतरव. उतरव, उतरव... मेली.” मी परत बुडाले होते. पण तो माझ्याकडे तोंड करून बसला होता.

त्यानंतरचे चार महिने आम्ही असे गेलो. मी चालवायची आणि तो सांगायचा. कंट्रोलर त्याला दिला की तो परत करायचा. “आधी मला माझ्या जागेवर नेऊन सोड, मग धरतो.” कोणत्या बेटामागं पाणी उथळ आहे, कोणता म्हातारा खोटा रस्ता सांगतो, कुठं थांबायचं, सगळं त्याला पाठ होतं. डोळे मिटून सांगायचा. अम्मा बिड्या वळता वळता बघायला लागली आणि तिलाही कळायला लागलं. “अगं, ढग आलेत तिकडं, आत घे जहाज,” ती म्हणायची आणि तो म्हणायचा, “बघ, अम्माला पण येतंय तुझ्यापेक्षा.” मी शिकवण्या कमी केल्या, परीक्षेचा फॉर्म भरला नाही. मी भराभर चालवायचे आणि तो थांबवायचा. नळी बदलली, ताप आला, गेला. सूज चढायला लागली. बोलताना त्याला दम लागायला लागला तेव्हा त्यानं मला वही आणायला सांगितली. “लिहून घे. रोज एवढं बोलायला नाय जमत. पुढचं सगळं एकदाच सांगून ठेवतो.” मी कॉलेजात प्राध्यापकांचं जसं लिहून घ्यायची तसं शब्दन् शब्द लिहून घेतलं. देवमाशाच्या खाडीला चार पानं लागली. अकरा दिवसांत त्यानं त्याच्या जागेपर्यंतचा सगळा रस्ता सांगितला.

होळीच्या आधी, मंगळवारी, डायलिसिसच्या खुर्चीवर तो गेला. मी बाहेर बाकावर होते. जहाज तेव्हा नकाशाच्या मधोमध होतं, एका बेटाच्या कडेला. खाडीपर्यंतसुद्धा मी पोचले नव्हते.

अम्मानं मशिनवर टॉवेल टाकला आणि ते फळीवर गेलं. कुणाला देऊन टाकायचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. नायनांनी एक माग विकला. मी उशिरा परीक्षा दिली, शिकवायला लागले, पुस्तकं जमवत राहिले. हल्ली डिस्क घालायची खाचच नसलेली मशिन येतात असं माझे विद्यार्थी सांगतात. म्हणजे कुणी कुणाला हातात काही देऊच शकणार नाही. ते कौतुकानं सांगतात. मी ऐकून घेते.

वसीम दर ईदला फोन करायचा, अम्माशी दोन शब्द बोलायचा. गेल्या वर्षी त्याचा फोन अवेळी आला. त्याला आखाती देशात नोकरी लागली होती, घरातलं सगळं आवरत होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, “ताई, एक विचारायचं होतं. नाही म्हणालात तर नाही. माझा भाचा हाय, मशिन त्याला देऊन जायलोय. माझं नाव त्याच्याकडं लावायचं म्हणलं तर तुमच्याकडचं निघतंय. एका टायमाला एकाच घरी चालतंय ना ते. तुमच्याकडं ते कुलूप येईल परत.” मी फळीवरच्या टॉवेलकडे बघितलं. तो घाईनं म्हणाला, “राहू द्या. राहू द्या ताई. मी सहज विचारलं.”

मी म्हटलं, “दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत थांबाल?”

सुट्टीत मी टॉवेल काढला. मशिन सुरू होईल असं वाटलं नव्हतं, झालं. जहाज त्याच बेटाच्या कडेला होतं, शीड उतरवलेलं. मी वही शेजारी उघडून ठेवली आणि निघाले. अम्मा आता बिड्या वळत नाही, तिची बोटं वाकली आहेत. ती माझ्यामागे खुर्चीवर बसायची आणि काही बोलायची नाही. वही बरोबर होती. सगळीकडे बरोबर होती. तो म्हणाला तिथं पाणी उथळ होतं, तो म्हणाला त्या म्हाताऱ्यानं मला खोटंच सांगितलं. देवमाशाच्या खाडीत मी पाच दिवस अडकले आणि सहाव्या दिवशी त्यानं सांगून ठेवल्याप्रमाणे उलट्या बाजूनं गेले तेव्हा सुटले. सतरा दिवस लागले. नकाशा निळा होत गेला, आणि वर, उत्तरेला, बोटभर पांढरं उरलं.

समोर बर्फाची भिंत होती आणि मधे जहाज जाईल एवढी फट. मी वहीचं शेवटचं पान बघितलं. माझं अक्षर, त्याचे शब्द. ‘हितं बर्फ लागतो. मधी फट हाय. पुढचं मला म्हाईत नाय. हे लिहू नको, अक्का.’ तेसुद्धा मी त्या दिवशी लिहिलं होतं.

अम्मा म्हणाली, “आत काय आहे?” मी म्हटलं, माहीत नाही. तिनं पुढं विचारलं नाही. मी नांगर टाकला. जहाज थोडं हललं आणि उभं राहिलं. मग मी वसीमला फोन लावला आणि म्हटलं, आता नाव काढा.

 “झालं का ताई सगळं?” त्यानं विचारलं.

“तिथपर्यंत झालं,” मी म्हटलं.